बियाण्याचं सर्किट

दिगंबर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नक्की ना?" असं कोणी विचारतं का... पण दोनदा तपासून पाहायची ही खोड त्यानंच लावलेली, माझ्या बियाण्यावर बेतलं तेव्हापासूनची.

वाटूरचा दिगंबर माझा वर्गमित्र. जालन्यात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भुसा जाळून, गरम हवेवर मक्याचं बियाणं वाळवायची पत्र्याची शेड टाकली होती. पहिल्याच हंगामात परतीच्या पावसात भिजलेली आष्टीच्या शेतकऱ्यांची कणसं आली. ओली ठेवली तर बुरशी, चाळीस अंशांवर तापली तर बी मेलं. आणि मेलेलं बी दिसायला अगदी जिवंत बियासारखंच. वरच्या थरात थर्मामीटर खुपसता यायचा. गरम हवा आधी लागते त्या खालच्या थरात मात्र काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता.

"नाना, मी सर्किट करून देतो," दिगंबर म्हणाला. सर्किट तपासायचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. त्यात त्यानं उष्णतेला करंट केलं, तापमानाला व्होल्टेज, भिंतींना रेझिस्टर आणि हळूहळू तापणाऱ्या कणसांना हळूहळू भरणारे कपॅसिटर.

"माझी कणसं म्हणजे कपॅसिटर?"

"हौ. इथं जळले तर जळू दे, तुझं काय जातं?"

पडद्यावर खालच्या थराच्या तापमानाची हिरवी रेघ छत्तीसवर जाऊन आडवी झाली. मी खुशीत भट्टी पेटवली, एवढंच नाही, तर कामगारांना भजी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी दिगंबर जालन्यातल्या मस्तगडच्या घरून चपला न घालताच स्कूटरवर आला.

"भट्टी बंद कर. जल्दी."

"का बाबा?"

"बाहेरची हवा मी सत्तावीस धरली. सॉफ्टवेअरमधी तेवढीच आपोआप भरून येती, मी हात न्हाई लावला."

पत्र्याखाली तेव्हा चौतीस होतं. सगळी रेघ सात अंशांनी वर... त्रेचाळीस. आम्ही भट्टी विझवली, दारं उघडली, कणसं खालून उपसली. बी किती तास त्या तापात होतं, कोणालाच माहीत नव्हतं.

मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि सात दिवस वाट पाहिली. उगवलं नसतं तर आष्टीत कोणत्या तोंडानं गेलो असतो? दिगंबर कॉलेज सुटलं की यायचा, गोणपाटाजवळ उकिडवा बसायचा. मी हात लावायला गेलो की म्हणायचा, "आज न्हाई." मी त्याला शिव्या दिल्या, चहाही पाजला. सातव्या दिवशी त्यानं गोणपाट उलगडलं. ऐंशी पांढरे कोंब. पुरेसे होते. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

परवा वहिनींनी त्याचा कंप्युटर घेऊन जायला सांगितलं. नेण्याआधी मी लावून पाहिला. माझ्या शेडचं सर्किट अजून त्यात होतं, दरवर्षी सुधारलेलं. सर्किटात शेडचं दार दाखवणाऱ्या बटणाला त्यानं 'नाना' नाव दिलं होतं. चालवलं तर चालेना. बाहेरच्या हवेची जागा रिकामी होती. सत्तावीस त्यानं पुसून टाकलं होतं... परत कधी आपोआप भरून येऊ नये म्हणून.

मी उठून त्याच्या गच्चीवर गेलो. खिळ्याला थर्मामीटर लटकला होता. दोनदा वाचला, मग खाली येऊन आकडा भरला.