सातव्या ओळीतले दोरे

आधीच सांगतो. भूत, करणी, अंगात येणं... मला हे कधी पटलं न्हाई. गावात एका बाईच्या अंगात आल्तं, तव्हा मी तिला तोंडावर म्हणलो होतो, आधी चहा घे, मंग घुम. चौथी शिकलेला माणूस हाये मी, पण खोटं लिहिणार न्हाई. झालं तेवढंच लिहितो.

शहागडाजवळ आमचं दीड एकर रान. त्यात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट असतो. काम असं — संध्याकाळी कळी सोलून तिच्यातला नर काढायचा, वरून कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीचं नर फूल त्यावर फिरवायचं आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. हे त्याच दिवशी दुपारी एक-दीडच्या आत झालं पायजे. न्हाईतर चार दिवसांत फूल गळून पडतं.

सुमनची माय, म्हणजे माझी बायको, ह्या कामात एक नंबर. डावखुरी होती. तिची गाठ उलटी बसायची, आणि उरलेला दोरा ती दातानं तोडायची. कंपनीचा साहेब नुसती गाठ बघून सांगायचा, हे मावशीचं झाड.

तिला पोटाचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणले, आता घरी न्या. सुमन आमची एकुलती लेक, जालन्याला दिलेली, जावई एमआयडीसीत कामाला. ती सासर सोडून तीन महिने इथं राह्यली. उलट्या, हागणं-मुतणं, गोळ्या, सगळं तिनं केलं. मला जमत न्हवतं. मी नुसता बसून राहायचो, खरं तेच सांगतो.

त्या सकाळी मायनंच तिला रानात धाडलं. सुमन निघंना. तव्हा माय म्हणली, "जा गं. फुलं थांबत न्हाईत. मी कुठं पळून चालले?"

सुमन गेली. अकराच्या सुमारास मायनं पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं, चमचा खाली ठेवला, वळून पाह्यलं... संपलं होतं. शेजारची जुबेदा सुमनला बोलवायला पळाली. सुमन सातव्या ओळीच्या मधातून काम टाकून आली. पुढच्या झाडांवर टोप्या तशाच राह्यल्या. चार वाजता माती झाली. तोवर सगळं गाव आमच्याच दारात होतं.

त्यानंतर पोरगी जेवंना. ताट पुढं सारलं की मागं सारायची. मला ती दादा म्हणती. एकच म्हणायची, "दादा, तीन महिने तिच्यापाशी बसले, अन् एका सकाळी उठले." दंडाची हाडं दिसाया लागली. मला वाटलं, ही बी जाती का काय.

तेराव्यापर्यंत रानात कुणी पाय ठेवला न्हाई. चौदाव्या दिवशी सकाळी मी तिला बळंच नेलं. सातव्या ओळीत अर्ध्यापर्यंत तिचे दोरे होते, सरळ गाठीचे. पुढं रिकामे देठ दिसायला पायजे होते. तर तिथं शेवटच्या झाडापर्यंत बोराएवढी बोंडं धरलेली. प्रत्येक बोंडाला दोरा. गाठ उलटी. टोक चावलेलं. टोप्या बांधावर दगडाखाली रचून ठेवलेल्या, माय ठेवायची तशा.

मी सुमनला विचारलं, तू केलंस का? ती म्हणली, "मी उजवी हाये, दादा. मला ती गाठ कधी आलीच न्हाई. ती हसायची मला."

एकट्या बाईचं दोन तासांचं काम ते. अन् झालं असंल तर त्याच दुपारी, माय घरात झाकून ठेवलेली असताना. हंगामात कामाला येणाऱ्या एकेका बाईला विचारलं, जुबेदाला बी. जुबेदा म्हणली, "चाचा, मैं तो तुम्हारेच घर में थी. और अच्छा काम कोई छुपाके करता क्या?"

सुमन बांधावर बसली. शेवटच्या झाडाची गाठ बोटानं चाचपली. मंग म्हणली, "दादा, डबा काढा." दीड भाकर खाल्ली तिनं. तिसऱ्या दिवशी सासरी गेली.

कुणी म्हणंल, बायको गेली अन् म्हातारा येडा झाला. असंल. पण टोपीखालच्या फुलाला हात लागल्याबिगर बोंड धरत न्हाई, हे कुण्याबी कपाशीवाल्याला विचारा. तो हात कुणाचा, मला ठाऊक न्हाई.

एक बोंड दोऱ्यासकट खुंटीला टांगून ठेवलंय. दुपारी घरात कुणी नसतं, तव्हा मी दोरा घेऊन डाव्या हातानं तशी गाठ बांधून पाहतो. जमत न्हाई.