एकेचाळिसावी चकती

डेंटल कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे चकतीमामा म्हणत. दातांत भरतात त्या दातांच्याच रंगाच्या सिमेंटच्या बटणाएवढ्या चकत्या करायच्या, निळ्या प्रकाशाखाली कडक करायच्या आणि आरशासारख्या घासायच्या, यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. यंत्राने खरखर मोजण्याआधी ते चकतीवरून अंगठ्याचं नख फिरवत. "ही गेली," म्हणत. यंत्रही बहुतेक वेळा तेच सांगे.

त्या महिन्यात संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंसाठी त्यांनी चाळीस चकत्या केल्या. त्यांवर दात पांढरे करायचं जेल रोज सहा तास लावायचं, धुवायचं, मग चकत्या कृत्रिम लाळेत ठेवायच्या. खोक्यात जेलच्या तीन सिरिंज जास्त होत्या. त्या मामांनी मुलीसाठी घरी नेल्या. तिची एका हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी मुलाखत होती.

चौदाव्या दिवशी नख बऱ्याच चकत्यांवर अडकलं. चकाकी उतरली होती, रंग मात्र जेमतेम हलला होता. प्रयोगाचा निकाल इतका स्पष्ट आला म्हणून मामा खुशीत घरी आले. मुलगी बेसिनपाशी आरशासमोर उभी होती.

"बाबा, हे बघा काय झालंय!"

लहानपणी जिन्यावरून पडून तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. बाकी दात पांढरे झाले होते आणि तो भरलेला कोपरा पिवळा उठून दिसत होता.

"जिभेला खरखरीतही लागतंय. असं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

"चकत्यांबद्दल ठाऊक होतं," मामा म्हणाले.

"चांगले दिवे लावलेत," आतून बायको म्हणाली.

त्या कोपऱ्याचा रंग तेव्हा डॉक्टरांशेजारी उभं राहून मामांनीच जुळवला होता. इतका बेमालूम, की पुढे तो कोपरा खुद्द त्यांच्याही लक्षात राहिला नव्हता.

शनिवारी सकाळी ते मुलीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

"मामा, माझ्या प्रयोगाचं जेल लेकीला? न तपासता? कमाल आहे तुमची!"

"चुकलंच. पण आज तेवढं बदलून द्या, मॅडम. परवा मुलाखत आहे."

"आज नवं सिमेंट नीट धरणार नाही. जेलनंतर दोन आठवडे थांबा, हे मला कोणी शिकवलं?"

मामांनी खुर्चीवरचा दिवा मुलीच्या तोंडाकडे वळवला.

"खरखर तेवढी काढून देते. रंग आहे तसाच घेऊन जाऊ दे तिला."

बाईंनी हात पुढे केला. मामा न विचारता एकेक पॉलिशची चकती देत गेले, आधी जाड, मग बारीक. शेवटी मुलीने जीभ फिरवली आणि मान डोलावली.

सोमवारी दुपारी ती परत आली, तेव्हा मामा रजा टाकून दारातच बसले होते.

"त्यांनी विचारलं, हा एकच दात असा का? मी सांगितलं, बाबांची चूक आहे."

"असं सांगितलंस?"

"मग काय, माझी सांगू? सगळे हसले. एक तारखेपासून या म्हणालेत."

दोन आठवड्यांनी कोपरा नव्याने भरला. रंग मामांनीच जुळवला, पहिल्यासारखाच बेमालूम. घरी आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेच्या बाटल्यांवर लावतात तसली चिठ्ठी बेसिनवरच्या आरशाला चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं : वरचा, पुढचा, उजवा. कोपरा भरलेला आहे.