बटण सोडून मग खोकायचं

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर काय असेल ते असेल, हमालापासून मोठ्या साहेबापर्यंत कुणाला त्याची गरज पडली नाही. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे, हे माइकवरून सांगायचं तिचं काम. त्या कामात तिची उभी हयात गेली, आणि गेली म्हणजे अगदी काचेच्या एका खोलीत बसून गेली.

त्या कामाचे नियम तिने स्वतःच घालून घेतले होते. बटण दाबायचं, वाक्य सांगायचं, तेच वाक्य पुन्हा सांगायचं, बटण सोडायचं. खोकला आला, शिंक आली, शब्द अडकला, तर आधी बोट उचलायचं. हाताखाली नवीन मुली शिकायला यायच्या, त्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "बटण सोडून मग खोकायचं. लोक गाडीची वाट बघत असतात, तुमच्या घशाची नाही." एवढ्या वर्षांत तिचा साधा 'अं' सुद्धा कधी कर्ण्यातून बाहेर गेला नव्हता. एखाद्याला घराण्याचा असावा तसा तिला या गोष्टीचा अभिमान होता.

खोलीची काच जाड होती. बाहेरचं काही आत ऐकू यायचं नाही. तिच्या बोलण्याला कुणी 'बरं' म्हणालं की 'काय कटकट' म्हणालं, हे तिला कधीच कळलं नाही. तिने सांगितलं, की बाकांवरची माणसं उठायची, पिशव्या उचलायची आणि पळत सुटायची. लोक उठले की समजायचं, पोचलं. उत्तर म्हणून तिला तेवढं पुरत होतं.

पुढे यंत्र आलं. साहेबांनी तिला गोड बोलून एका बंद खोलीत बसवलं आणि तिच्याकडून सगळे आकडे, सगळी गावं, 'उशिरा', 'रद्द', 'कृपया' असं सुटं सुटं बोलून घेतलं. चहा पाजला, आवाजाचं कौतुक केलं. तीही हुरळून गेली. आपल्याच आवाजाने आपली खुर्ची काढून घेतली हे बाईसाहेबांच्या लक्षात यायला निरोपाचा नारळ हातात पडावा लागला.

त्यानंतर एकदाच ती स्थानकावर गेली. कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता, पण ठिगळं लावलेला. 'फलाट' सकाळच्या उत्साहातलं आणि 'सहा' दुपारच्या जेवणानंतरचं, दमलेलं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने तिला विचारलं, "काय म्हणाली हो ती?" घोषणाबाईने सांगितलं, "सहा नंबरला लागलीय गाडी." ती बाई तिच्याकडे न बघताच पळाली. घोषणाबाई घरी आली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दूरच्या शहरात. तो दर रविवारी तिच्या बटणांच्या छोट्या फोनवर बोलायचा, म्हणजे बोलायचं ठरवायचा. ती फोन उचलून सांगायची, "तब्येत बरी आहे. गोळ्या घेतल्या. पाणी वेळेवर येतं. ठेवते." आणि ठेवायची. मुलगा एकदा वैतागून म्हणाला होता, "आई, तुझ्याशी बोलणं म्हणजे फलाटावर उभं राहणं आहे गं." तिला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं, म्हणून तिने नेलं. फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर तोंडाला कुलूप. बोलायचं कुणाशी? भिंतीशी बोलण्याइतकी ती अजून वेडी झाली नव्हती.

मुलाने त्याचा जुना मोठा फोन तिला पाठवून दिला, फोटो बघायला म्हणून. फोटो बघून संपले. मग चित्रांवर बोट लागता लागता एक खेळ उघडला. चौघांची एक तुकडी विमानातून बेटावर उतरते, घराघरांतून बंदुका, औषधं गोळा करते, आणि बाकीच्या तुकड्यांना टिपत टिपत शेवटपर्यंत टिकली की जिंकते. सध्या घरोघरी पोरं हाच खेळ खेळतात म्हणे. या वयात बाईने बंदूक हातात घ्यावी हे काही बरोबर दिसत नाही, पण तिने घेतली त्याला कारण होतं. पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं इवलंसं चित्र होतं. ते बघून तिचं बोट आपोआप तिकडे गेलं. जुन्या गावात स्वतःच्या गल्लीकडे पाय वळावेत तसं.

पहिल्याच दिवशी फोनमधून अशा गोळ्या सुटल्या की खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. शिवाय वर येऊन ऐकवलंही, "अहो, घर आहे की रणांगण?" वकीलबाईंना कुरकुर करायला कारण लागत नसे, यावेळी तर ते आयतं मिळालं. घोषणाबाईने फोनचा आवाज पूर्ण बंद केला तो कायमचा. ही माणसं खेळता खेळता एकमेकांशी बोलतात, हे तिच्या गावीही नव्हतं. माइक म्हणजे इकडून तिकडे, एवढंच तिला माहीत. तिकडून इकडे काही येतं, असं तिला आयुष्यात कुणी दाखवलं नव्हतं.

खेळाने नाव विचारलं तेव्हा तिने 'चौकशी' असं टाकलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खेळणारी एक तुकडी तिला मिळाली. 'काळा बिबट्या', 'सतत उपाशी' आणि 'सोमवार नको'. बिबट्या आडदांड, कुठेही घुसायचा. उपाशी सगळी औषधं स्वतःच खिशात घालायचा. सोमवार नको मात्र शहाणी होती, आपल्याला नको ते चौकशीच्या पायाशी ठेवून जायची. ती मुलगी असावी असं घोषणाबाईला वाटे. उगीच.

गोळीबार तिला कधी जमला नाही. पण नजर तयार होती. गर्दीत कुठली गाडी आत वळली आणि कुठली बाहेर, हे काचेतून टिपणारी नजर. ती एखाद्या गच्चीवर जाऊन बसायची आणि बटण दाबायची.

"कृपया इकडे लक्ष द्या. गोदामाच्या मागून दोन इसम येत आहेत. पुन्हा ऐका. गोदामाच्या मागून दोन इसम येत आहेत. पुलाकडे जाणाऱ्यांनी पुलाकडे जाऊ नये."

आणि पडद्यावरचे तिघे गोदामाकडे वळायचे! पुलाकडे निघालेला बिबट्या जागच्या जागी फिरायचा. तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोक उठले, की समजायचं पोचलं. दुपारचा तो तासभर ती पुन्हा कुणीतरी असायची. सकाळपासून ती घसा जपायची, थंड पाणी प्यायची नाही, आणि जेवण आटोपून खुर्चीत अशी ताठ बसायची जणू समोर काचेपलीकडे माणसं उभी आहेत.

मग बिबट्या यायचा बंद झाला. आजारी असेल, म्हणून तिने मनाची समजूत घातली. काही आठवड्यांनी उपाशीही दिसेना. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपण काही चुकीचं सांगितलं का? आपल्यामुळे मेले का कुठे? एकदा तिने डावी-उजवी उलटी सांगितली होती, ते तिला रात्रंदिवस टोचू लागलं. जागा भरायला खेळ रोज दोन परकी माणसं आणून द्यायचा, ती तिचं ऐकायची नाहीत. राहिली एकटी सोमवार नको. ही गेली की संपलं. ही गेली की दुपार नाही, माइक नाही, आणि रविवारपर्यंत तोंड उघडायचं कारण नाही. रोज खेळ उघडला की ती आधी ते नाव शोधायची, आणि ते दिसलं की मगच नीट टेकून बसायची.

त्याच दिवसांत वकीलबाई घर सोडून भाचीकडे राहायला गेल्या. जाताना किल्ली दाखवून म्हणाल्या, "आता उडवा हवे तेवढे बार." खालच्या खोल्या रिकाम्या झाल्या. त्या खाष्ट बाईची आठवण येईल असं घोषणाबाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण आली. आता घरात भांडं पडलं तरी छत ठोकायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शांतता तिला इतकी खायला उठली, की निदान गोळ्यांचा तरी आवाज होऊ दे म्हणून तिने फोनचा आवाज वाढवला.

विमानाची घरघर आली. वारा आला. बेटावर पाय टेकल्याचा धप्प असा आवाज आला. आणि मग खोलीत माणूस बोललं.

"आल्या का बाई? या. आज पण आपल्यातल्या दोघीच."

ती दचकून मागे वळली. मागे कपाट होतं. पडद्यावर सोमवार नको तिच्यासमोर उभी होती. आवाज तरुण मुलीचा, जरा बसलेला.

"तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्ही काही ऐकत नाही. बिबट्या म्हणायचा ना, ही चौकशी म्हणजे रेकॉर्डिंग आहे, कंपनीने आत सोडलेली. मशीनबरोबर काय खेळायचं, म्हणून गेला. उपाशीला पण तेच पटलं. इतके दिवस तिला हाका मारतोय, एकदा तरी ओ दिली का म्हणे."

मशीन. ज्या शब्दाने तिची खुर्ची गेली, तोच शब्द तिच्या मागोमाग जिना चढून घरात आला होता. म्हणजे हे तिघे तिला हाका मारत होते. इतके दिवस! आणि ती दोनदा सांगून बटण सोडत होती.

मुलगी एका भिंतीआड बसून बोलतच होती. "मला आपलं चालतं. गोदामात दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावते मी, कानात यंत्राची घरघर. खोलीवर गेले की कुणी नाही. आज सकाळपासून पहिल्यांदा बोलतेय, ते तुमच्याशी. आणि तुम्ही मशीन." ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "पण आता मी पण बंद करणार आहे बाई. यंत्राशी बोलायची सवय वाईट. उद्यापासून नाही येणार. सांगून जावं म्हटलं."

घोषणाबाईने माइकचं बटण दाबलं. आयुष्यभर दाबलं तसं, ठाम. आणि तोंडून निघालं ते हे:

"कृपया इकडे लक्ष द्या."

"हो हो, दिलं," मुलगी थकून म्हणाली. "बोला, कुठल्या घरामागून कोण येतंय?"

बाईने बोट उचललं. सगळी गावं पाठ, सगळे आकडे पाठ, पण 'मी आहे' हे सांगायचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. ते तिला कधी कुणी लिहून दिलं नव्हतं. जे काही ती स्वच्छ, सुरात, दोनदा सांगेल, ते यंत्रासारखंच वाटणार होतं. तिच्या सगळ्या हुशारीने तिला आज तोंडघशी पाडलं होतं.

"चला बाई, घंटा होईल आमची," मुलगी म्हणाली. पडद्यावर ती उठून उभी राहिली.

बाईने पुन्हा बटण दाबलं.

"अं..." ती म्हणाली. आणि मागोमाग खोकला आला. जुना, कोरडा, इतकी वर्षं बटण सोडून मग काढलेला खोकला एकदम बाहेर पडला आणि थांबेना. "अं... अगं... थांब... म्हणजे..."

पडद्यावरची मुलगी निघता निघता थांबली. यंत्राची घरघर तेवढी येत राहिली.

"बाई?" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही आहात?"

"आहे गं."

"मग बोलत का नव्हता?"

"मला... ऐकूच येत नव्हतं. आवाज मीच बंद केलेला. अं... मला माहीतच नव्हतं, तिकडूनही काही येतं म्हणून."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"सर्दी झालीय का हो तुम्हाला?" मुलीने विचारलं.

असं आपल्याला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते बाईला आठवेना. ती काहीतरी सांगणार होती, पण पलीकडे घंटा झाली, कुणीतरी ओरडलं, आणि "थांबा हं बाई, मी आलेच, जाऊ नका," एवढं घाईघाईत म्हणून मुलगी गप्प झाली. पडद्यावरची ती भिंतीआड नुसतीच उभी राहिली.

आलेच म्हणजे कधी, संध्याकाळी की उद्या, हे काही कळलं नाही. घरात पुन्हा सामसूम झाली. नळाचं थेंब थेंब पाणी, पंख्याची कुरकुर, तिचा स्वतःचा श्वास, सगळं माइकमधून पलीकडच्या गोदामात जात होतं. जाऊ दे, म्हणाली ती. बटणावरचं बोट तिने उचललं नाही.