सरांच्या फ्लॉपीवर अकरा वीस

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या कोकणात प्रत्येक वडाला आणि वहाळाला कोणीतरी राखणदार असतोच. लहानपणापासून ऐकत आले आणि "असेल हो" म्हणून पुढे चालत आले. त्यातून माझा संबंध कॉम्प्युटरशी. मशीन सांगितलेलं तेवढंच करतं, न सांगितलेलं करत नाही — हे मीच किती जणांना ऐकवलंय! तर त्या माझ्या वाक्याचं काय झालं ते सांगते.

साल अठ्ठ्याऐंशी. रत्नागिरीत आमचा टायपिंग क्लास होता. आमच्या ह्यांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला, एकाच फ्लॉपी ड्राइव्हचा, आणि महिन्याभरात हौस फिटली. मी मात्र मॅन्युअल आणि डिक्शनरी शेजारी-शेजारी ठेवून शिकले. मग आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या वेड्यांसाठी दर महिन्याला चार पानांचं सायक्लोस्टाइल पत्रक काढायला लागले. नवीन सॉफ्टवेअर काय आलंय, कुठली कमांड कशी वापरायची, पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात कशी पुरून ठेवायची… दापोलीहून, पूर्णगडाहून पोस्टकार्डावर टिपा यायच्या. माझा नियम एकच — स्वतः करून पाहिल्याशिवाय टिप छापायची नाही.

त्या नियमानेच घात केला.

सावर्ड्याला एक सर होते. गणिताचे निवृत्त शिक्षक, काचबिंदूने नजर जात चाललेली. त्यांच्या भाच्याच्या काजू कारखान्यात कॉम्प्युटर होता. तो जेवणाच्या सुट्टीत मोकळा असे, तेवढ्या वेळात बसून, दोन वर्षं खपून सरांनी एक प्रोग्राम लिहिला — प्रिंटरवर मराठी अक्षरं, तळहाताएवढी! एकेका अक्षराचे ठिपके आधी आलेखाच्या कागदावर काढायचे, मग त्यांचे आकडे भरायचे. "उरलेल्या नजरेला वाचता येईल असं काहीतरी हवं होतं," असं त्यांनी पत्रात लिहिलेलं. सोबत फ्लॉपी. एकच. आधीच्या दोन बुरशीने खाल्लेल्या, आणि आलेखाचे कागद सरांच्या बायकोने, काकूंनी, रद्दी समजून न्हाणीच्या चुलीत घातलेले.

मी प्रोग्राम चालवून बघितला, हरखून गेले. आता पहिलं काम काय? कॉपी करणं. पण पत्रकाची स्टेन्सिल दुसऱ्या दिवशी छापायला द्यायची होती आणि फ्लॉपी पुसून कोरी करणाऱ्या फॉरमॅट कमांडवरची दापोलीची एक टिप तपासायची राहिली होती. म्हटलं, ही उरकू आणि मग निवांत कॉपी करू. कमांड दिली. मशीनने सांगितलं — नवीन फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा. आता बघा, मी टायपिंगची बाई. बोटं नजरेच्या पुढे धावतात. एंटर दाबला गेला… आणि नवी कोरी फ्लॉपी माझ्या डाव्या हातात, सरांची अजून ड्राइव्हमध्येच!

ड्राइव्ह घरघरत राहिला. थांबला तेव्हा सगळं पुसलं गेलं होतं. तीनदा डिरेक्टरी, म्हणजे फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी, बघितली. फाइल नाही, फाइल नाही, फाइल नाही. हे मागे उभे राहून बघत होते.

"पोरींना शिकवतेस ना, न बघता टाइप करा म्हणून? घे आता!"

"गप बसा हो," म्हटलं, आणि रडू फुटलं.

मशीन तेव्हा ज्यावर चालायचं त्या डॉसमध्ये फॉरमॅट झालेली फ्लॉपी म्हणजे पुसलेली पाटी. जाणकारांना ठाऊक आहे, त्यावर तेव्हा काही इलाज नव्हता. सरांना पत्राने कळवायचं धाडस होईना. तोंडानेच सांगायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. ऑक्टोबरचं ऊन. फ्लॉपी पर्समध्ये, पर्स मांडीवर. हातखंब्यापर्यंत चार वेळा उघडून बघितली — काय बघत होते कुणास ठाऊक. संगमेश्वरला गाडी थांबली तर मी चक्क खाली उतरले. वाटलं, परत फिरावं, आणि पोस्टातून फ्लॉपी पोचलीच नाही असं कळवावं. रत्नागिरीची गाडी कधी आहे म्हणून स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वीस. तेवढ्यात आमच्या गाडीचा कंडक्टर ओरडला, "ओ बाई, चढताय की सोडू?" आणि मी चढले. का चढले, मला विचारू नका.

सावर्ड्याला दारातच काकू. "अगो, एवढ्या उन्हाची कशी आलीस गो? पाणी घे आधी." तांब्या तसाच खाली ठेवला. सर ओटीवर बसले होते. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. सर नुसते गुडघ्यावर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता पुन्हा लिहिण्याएवढे डोळे नाहीत हो, वहिनी." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग उठून चपला शोधायला लागले. "चला कारखान्यात. एकदा घालून तर बघू."

"सर, काही नाही त्यात. मी तीनदा—"

"चला हो."

त्या मशीनमध्ये घड्याळ नव्हतं. सुरू केलं की ते तारीख आणि वेळ विचारी. सर सवयीने दोन्हीला नुसता एंटर दाबत, म्हणून त्यांच्या सगळ्या फाइलींवर मशीनची ठरलेली तारीख पडे, एक जानेवारी ऐंशी. त्या दिवशीही तसाच दाबला. फ्लॉपी घातली. डिरेक्टरी मागितली.

फाइल होती.

सरांना पडदा दिसत नव्हता, ते विचारत राहिले, "काय? काय आलं?" मी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. फाइल तीच, नाव तेच. पण तारीख एक जानेवारी नव्हती. तारीख त्या दिवसाची होती, वेळ सकाळची अकरा वीस. तेव्हा फ्लॉपी संगमेश्वरच्या स्टँडवर माझ्या पर्समध्ये होती, आणि कॉम्प्युटर तर त्या आख्ख्या स्टँडवर कुठे असणार!

प्रोग्राम चालला. प्रिंटर करकरत राहिला, कागदावर काळी मोठी अक्षरं उमटली. सरांनी कागद नाकाला लावून एकेक अक्षर वाचलं आणि लहान मुलासारखे हसले. मी तिथेच तीन कॉप्या केल्या. सर म्हणाले, "वहिनी, तुमचा गैरसमज झाला असेल. दुसरीच कुठली फ्लॉपी फॉरमॅट केलीत. आणि हे पत्रकात छापू नका, लोक कॉपी करायचं सोडतील!"

लेबलावर त्यांचंच अक्षर, त्यावर त्यांच्याच शाईचा डाग. दुसरी कुठली?

सरांना पुढे जेमतेम वर्षभर दिसलं. त्या वर्षात त्यांनी काकूंकडून ढीगभर मजकूर टाइप करवून घेतला आणि स्वतः वाचला. ते शेवटपर्यंत म्हणत, तुमची चूक झालीच नव्हती. ह्यांनीही पुढे तेच म्हणायला सुरुवात केली, डोळ्यांनी बघितलेलं असून! मलाही मान्य केलं असतं तर झोप लागली असती. पण मला अजून मधेच जाग येते… मी कुठली की दाबली, हे मला कळणार नाही का हो? जन्म गेला त्यात. फ्लॉपी मीच पुसली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. परत कोणी लिहिली, ते ठाऊक नाही.