पोराचा बाप झोपला नव्हता

वकिलाच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठत जातात, फायलींचे गठ्ठे आणि किस्से. गठ्ठ्यांना वाळवी लागते, किस्से मात्र दर खेपेला थोडे वाढतातच! मलकापूरला अप्पासाहेब वकिलांकडे मी तीस वर्षं मुन्शी होतो. म्हणजे अर्ज लिहायचे, तारखा सांभाळायच्या आणि पक्षकारांना धीर द्यायचा. आता चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "मुन्शीजी, वडनेरवाल्या बाईचं सांगा ना!" त्या एका दाव्याचे इतके किस्से आहेत की सुरुवात कुठून करावी कळत नाही. म्हणून चाकापासूनच करतो.

*

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. कोर्टाचे छापील फॉर्म अजून जुनेच. त्यांच्यावरचं जुन्या राज्याचं नाव खोडून 'महाराष्ट्र' लिहिणं हे माझ्याच कामात मोडायचं. त्या दिवसांत वडनेर भोलजीचा किसन नावाचा शेतकरी मलकापूरचा बाजार करून बैलगाडीनं घरी निघाला होता. दिवस मावळायच्या आत मागून आलेल्या ट्रकनं गाडी उडवली. किसन आणि एक बैल जागच्या जागी गेले. पवळ्या नावाचा दुसरा बैल तेवढा वाचला.

भरपाईच्या दाव्याचं काम आमच्याकडे आलं, तसं अप्पासाहेबांनी किसनच्या बायकोला, सुभद्राबाईला, कार्ड टाकलं : 'सर्व पुराव्यानिशी भेटावे.'

चौथ्या दिवशी ऑफिससमोर बैलगाडी थांबली. गाडी दिराची होती. तिला वाचलेला पवळ्या आणि दिराचा एक बैल जुंपलेला. मागे दम्यानं बेजार झालेला म्हातारा सासरा आणि कासरा धरून सुभद्राबाई. बाई एकटीच काहीतरी बोलत होती. अप्पासाहेब खिडकीतून बघत हळहळले, "अरेरे! दुःखानं डोक्यावर परिणाम झालेला दिसतो बिचारीच्या."

एवढ्यात बाईनं गाडीतून मोडकं चाक खाली लोटलं. आरे तुटलेले, लोखंडी धाव वाकडी झालेली.

"हे काय?"

"पुरावा! तुमीच त मांगला."

"अहो बाई, पुरावा म्हणजे कागद!"

"कागदाले ट्रक लागला काय साहेब? चाकाले लागला!"

ते चाक दोन वर्षं ऑफिसच्या भिंतीला टेकून होतं. पत्ता विचारणाऱ्याला लोक सांगायचे, "ते चाकवाले वकील ना? सरळ जा!"

*

त्याच दिवशी बाईनं आपलं म्हणणं सांगून टाकलं. ट्रकमालक जिथं तिथं सांगत होता की गाडीवान झोपला होता, बैल मनानं चालत मधोमध आले. लोकांना ते पटतही होतं. आमच्याकडे बाजाराहून परतताना गाडीवानानं डुलकी काढावी आणि बैलांनी घर गाठावं, यात कुणाला नवल वाटत नाही.

"भरपाई भेटन तवा भेटन साहेब," बाई म्हणाली. "पर पोराचा बाप झोपला नव्हता. तेवढं कोर्टाकून लिवून पाह्यजे. उद्या पोराले कोनी म्हनू नये, तुहा बाप झोपीत मेला."

अप्पासाहेबांनी मान हलवली. मी मात्र मनात म्हटलं, मेलेला माणूस जागा होता हे आता सिद्ध कसं करायचं?

*

मग अर्ज भरायला घेतला. मयताचं वय काय? जन्माचा दाखला नव्हता. सासऱ्यानं बोटं मोजली.

"बैलाच्या चार जोड्या झाल्या त्याच्या. पाचवी चालू होती."

"अहो बाबा, वय! वर्षं!"

"तेच त सांगून राह्यलो ना! मिसरूड फुटलं तवा पह्यली जोडी हातात देल्ली. एक जोडी धरा पाच वर्सं..." आणि म्हाताऱ्याला धाप लागली.

मी हिशेब करून अडतीस लिहिले. अप्पासाहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मुन्शी, याच मापानं बघितलं तर एकही बैलजोडी न पाळलेल्या त्या ट्रकमालकाचं अजून जावळच काढायचं आहे!"

*

साक्षीदार मिळाला एकच. अपघात झाला त्या फाट्यावरचा भजेवाला, तुळशीराम. अप्पासाहेबांनी त्याला बजावलं होतं, जास्त बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. त्यानं ते फारच मनावर घेतलं.

ट्रकमालकाचे वकील अकोल्याहून यायचे. काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी विचारलं, "तू त्या वेळी दुकानात होतास?"

"हाव."

"भजी तळत होतास?"

"हाव."

"म्हणजे तुझं लक्ष कढईत होतं?"

"हाव."

"मग ट्रकनं हॉर्न वाजवला की नाही, तुला काय ठाऊक?"

तुळशीरामनं आपले कान चाचपले. मग म्हणाला, "कान काई कढईत नव्हते ना साहेब!"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. हॉर्न वाजला नव्हता, हे तरी हाती लागलं. पण किसन जागा होता की नाही, ते तुळशीरामलाही सांगता येईना. तो धावत आला तोवर सगळं संपलं होतं.

*

मध्येच एकदा ट्रकमालक स्वतः ऑफिसात आला. हातात पेढ्यांचा पुडा, खिशात तडजोडीचा कागद. आकडा वाईट नव्हता. पण खाली एक ओळ होती, की गाडीवान झोपेत असल्याचे वादीस मान्य आहे. अप्पासाहेबांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "सुभद्राबाई, तुम्हीच ठरवा."

घरात दोन लेकरं होती, पेरणी तोंडावर होती. बाईनं एक क्षणही घेतला नाही.

"पेढे ठिवा, लेकरं खातीन. कागद घिऊन जा!"

ट्रकमालकानं कागद उचलला. तो खरंच पेढे ठेवून गेला. त्यातले दोन मला मिळाले. सांगायला हरकत नाही, फार चांगले होते!

*

तारखा पडतच राहिल्या. आज न्यायाधीश रजेवर, उद्या वकील आजारी. बाई प्रत्येक तारखेला गाडी हाकत, तशीच एकटी बोलत यायची. आपला पुकारा होईपर्यंत कोर्टात बसून लोकांचे खटले ऐकायची. दुसऱ्या वर्षी मी बघतो तर कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली चार माणसं तिच्याभोवती बसलेली आणि बाई सांगतेय, "उलटतपासनीत चिडू नोका. चिडला का फसला!"

त्यातला एक जण मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "मुन्शीजी, ह्या बाईची फी किती हो?"

*

शेवटी तिचीच साक्ष निघाली. अकोल्याचे वकील हसत हसत उठले.

"बाई, अपघात झाला तेव्हा तुम्ही घरी होता?"

"हाव."

"मग नवरा जागा होता, हे तुम्हाला घरी बसून कसं कळलं?"

आमची मुंडी खाली. हाच प्रश्न दोन वर्षं आमच्या बोकांडी बसलेला.

बाईनं उलट विचारलं, "गाडी चालू होती, का उभी होती?"

"प्रश्न मी विचारायचे, बाई! पण सांगतो. चालूच होती. आमचं म्हणणंच ते आहे."

"मंग थो जागा होता."

"ते कसं?"

"आमचा पवळ्या बोलल्याबिगर चालत नाही. मानूस चूप झाला का पवळ्या उभा! लहानपनापासून पोराच्या बापानंच सवय लावली त्याले. सासऱ्याले बोलता येत नाही दम्यापाई, म्हनून त मलेच बोलत बोलत गाडी हाका लागते."

अप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोन वर्षं आम्ही त्या बाईला वेडी समजत होतो! अप्पासाहेब कुजबुजले, "अहो, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठी? तुमी त कागदच मांगत होते!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बैल कुठं आहे?"

"निंबाखाली, हुजूर."

सगळं कोर्ट आवारात आलं. न्यायाधीश अकोल्याच्या वकिलांना म्हणाले, "शंका तुमची आहे. तुम्हीच बसा गाडीत."

काळा कोट सावरत वकीलसाहेब चढले. कासरा हलवला. दिराच्या बैलानं ओढून बघितलं, पवळ्या ढिम्म. चाबूक उगारला, पवळ्यानं कान हलवले, बस्स. वकील वैतागून ओरडले, "हुजूर, हा निव्वळ बनाव आहे!"

गाडी चालायला लागली.

वकील दचकून गप्प झाले. गाडी थांबली. "माझं निवेदन असं आहे की..." गाडी चालली. वकीलसाहेबांचा अख्खा युक्तिवाद ऐकत पवळ्यानं आवाराला एक फेरी मारली. मुद्दे संपले तसा बरोबर न्यायाधीशांसमोर येऊन उभा राहिला!

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. न्यायाधीशांनी बाईला विचारलं, "वडनेरपर्यंत इतका वेळ काय बोलायचे हो तुमचे यजमान त्याच्याशी?"

"मले काय ठाऊक हुजूर," बाई म्हणाली. "माह्याशी बोलले असते त सांगतलं असतं!"

*

महिन्याभरानं निकाल लागला. दावा मंजूर. नक्कल घेऊन मी निंबाखाली गेलो. बाईनं रक्कम विचारलीच नाही. "ते वाचा मुन्शीभाऊ. ते."

मी वाचलं, "मयत किसन हा अपघाताचे वेळी जागा होता."

"अजून एकडाव."

पुन्हा वाचलं. बाईनं कागद घडी करून कनवटीला खोचला, सासऱ्याला हात देऊन मागं बसवलं आणि कासरा हातात घेतला. गाडीवर बसून ती गप्प राहिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. पवळ्याही उभाच. माणसं पांगली, तरी गाडी हलेना.

मग बाई पुढं वाकली.

"आइकलं काय रे पवळ्या? साहेबानं लिवून देल्लं. जागा होता थो."

पवळ्यानं पाय उचलला.