कुणी गप केलं न्हाई

धाकटा भाऊ गेल्यावर माझ्या छातीत सारखं धडधडायचं. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ध्यान करा. मी फोनवर ध्यानाचं रेकॉर्डिंग लावून घरी बसले, पण डोळे मिटले की कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, नाहीतर भावाचा चेहरा दिसायचा आणि मी उठून भांडी घासायला लागायचे.

मग शेजारणीनं हुमनाबादच्या एका ध्यानाच्या वर्गाचं सांगितलं. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये दहा-पंधरा जण सतरंजीवर बसायचे. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. अर्धं कन्नडमध्ये सांगायच्या, अर्धं मराठीत. हायवे जवळच, त्यामुळं हॉर्न सतत.

"गाडी वाजली की तिच्यावर चिडू नका," अक्का म्हणायच्या. "वाजली, येवढंच बघा. मग परत श्वासाकडं या."

घरी मी केव्हाच उठले असते. इथं शेजारची बाई हलत नाही, म्हणून मीही बसून राहायचे. सुरुवातीला नुसती लाजच होती ती.

एके दिवशी मागच्या खुर्चीवरून हुंदका ऐकू आला. गुडघ्यामुळं खुर्चीवर बसणारे ते ढाबेवाले अण्णा होते. मी उठायला लागले.

"कुणी उठू नका," अक्का हळूच म्हणाल्या. "आपण हितंच हाव त्यांच्यासंगं. श्वास चालू द्या."

ते रडत राहिले, आम्ही बसून राहिलो. मला ते फार निष्ठुर वाटलं. पण थोड्या वेळानं माझ्याच गालावरून पाणी ओघळायला लागलं, आणि या वेळी उठून करायला भांडीही नव्हती. भावाचा चेहरा आला. मी त्याला येऊ दिलं.

नंतर चहा घेताना मी अण्णांना विचारलं, "राग न्हाई आला आमचा? कुणीच जवळ आलं न्हाई."

"राग कामून?" ते म्हणाले. "बायको गेल्यापासनं घरी डोळं भरलं की लेकी पळत येतेत, पाणी देतेत, गप करतेत. त्यांच्यासाठी मी गप बसतो. आज कुणी गप केलं न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं कोण गेलं, ताई?"

भावाबद्दल मी घराबाहेर कुणाशी बोलले नव्हते. त्यांना सांगितलं. चहा निवून गेला.

धडधड अजून पुरती गेलेली नाही. तुरीच्या राशीच्या, मळणीच्या दिवसांत वर्गाला चार-पाचच जण येतात, तेव्हा बसणं जड जातं. तरी मी जाते.