कोबीत गेलेलं विमान

पुलावर निम्म्यात आलो तोवर मामा कुठे थांबले नव्हते, आणि थांबले ते एका टपरीचं कापडी छत बघायला.

"टीप बघ, पोरी. वाट चुकलेल्या मेंढीसारखी गेलीय."

"मामा, रेकॉर्ड रूम पाचला बंद होते."

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ एकोणऐंशी वर्षांचा. सकाळपासून मला दोन कचेऱ्या हिंडवून आता तिसरीकडे पायी नेत होता. गाडीत बसलं की पाठ केलेलं हलतं, म्हणे. तिथे काय बोलायचं त्याची वाटभर तालीम चालली होती.

मामा शिंपी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावरची, वारा कुठून येतोय ते दाखवणारी कापडी पिशवी फाटली, म्हणून तिथल्या साहेबांनी मामांकडून नवी शिवून घेतली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची, दुहेरी टिपेची. ती खांबावर चढली आणि नवव्या दिवशी एक लहानसं विमान धावपट्टी सोडून थेट कोबीच्या वाफ्यांत जाऊन बसलं. देवाच्या कृपेनं कुणी दगावलं नाही. वैमानिकाचं बोट मोडलं आणि मामांचं नाव गेलं.

चौकशी झाली, अहवाल वर गेला, तो खाली काही आलाच नाही. गावानं मात्र निकाल लावून टाकला: मामांच्या पिशवीनं वारा उलटा दाखवला. सदऱ्याचं माप द्यायला आलेला माणूस जाता जाता म्हणायचा, "नीट शिवा हं, नाहीतर विमान पडायचं!" घरी मामी त्याहून वरचढ. उशीचा अभ्रा शिवायला दिला तरी, "बघा, चौकशी लागायची." मामा हसायचे. पण हळूहळू त्यांनी मशीन दुकानाच्या दारातून उचलून आतल्या खोलीत नेलं. शिवताना कुणी बघितलेलं त्यांना सोसेना.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी तो अहवाल शोधायला घेतला. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहायचे. बावीस लिहिले. उत्तर ठरलेलं: फाइल क्रमांक कळवावा. क्रमांक फाइलीवर, आणि क्रमांकाशिवाय फाइल सापडत नाही!

रेकॉर्ड रूममधल्या बाई धुळीसाठी नाकाला रुमाल बांधून बसल्या होत्या. त्यांनी दोन गठ्ठे सोडून पुन्हा बांधले.

"विमानांच्या गठ्ठ्यात नाहीये हो."

मामांची तालीम पार वाहून गेली. "बाई, ते... कोबीत पडलं होतं."

"मग तसं सांगायचं ना, आजोबा! पिकांच्या नुकसानीत असेल."

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा बाई फाइल झटकत होत्या. गारपीट आणि टोळधाड यांच्या मधोमध निघाली होती.

"तू वाच," म्हणून मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी वाचलं, "'वारा दाखवणारी पिशवी सुस्थितीत होती. शिवण कोठेही उसवलेली नव्हती. वैमानिकाने उतरताना पिशवीकडे पाहिले नाही, असे त्याने स्वतः कबूल केले.'"

"परत वाच."

तीनदा वाचलं. मामा वळले. "बघितलीच नाही मेल्यानं?"

"सुटलात की, आजोबा!" बाई म्हणाल्या.

मामा खुर्चीवर टेकले, चष्मा काढून पुसायला लागले. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण लागलीच पुढची ओळ तोंडून गेली: "'सदर पिशवी सरकारी भांडारातून पुरवलेली होती.'"

मामा ताडकन उठले. "भांडारातून? कुठलं भांडार? तीन रात्री जागून शिवलीय मी!"

"जाऊ द्या ना, मामा. दोष तर गेला."

"दोष गेला, पण माझी शिवणही त्याच्याबरोबर गेली की! हा कागद घरी नेला तर तुझी मामी काय म्हणेल? चांगली ती सरकारची, मग तुमची कुठली? रद्दीत घाला तो कागद, म्हणेल."

रेकॉर्डवाल्या बाई रुमालाआड हसत होत्या. मामांनी त्यांच्याकडूनच एक कोरा कागद मागून घेतला, माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"बस इथे. लिही. सदर पिशवी भांडारातली नसून खाली सही करणाऱ्यानं स्वतः शिवलेली आहे, तरी अहवालात तशी दुरुस्ती व्हावी. आणि पोरी, सहीला जागा जरा मोठी ठेव."